लुचईच्या ताटलीची चाचणी

“चौदा सेकंद!”

सिंदेवाहीतल्या भाड्याच्या खोलीत माझी पहिली सकाळ उजाडली ती या आरोळीने. धडपडत गॅलरीत आले. खाली अंगणात माझ्या घरमालकीण बाई गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी एक तपकिरी कुत्री रिकामी ताटली ढकलत, चाटत चालली होती. बाईंनी वर पाहिलं. ओळख ना पाळख, थेट सवाल.

“तुमी सायन्सच्या मॅडम न? मंग सांगा, एवढा भात चौदा सेकंदांत खाते, हे बराबर आहे का? काल सतरा होते!”

मी नाशिकहून तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला गेले होते. बी.एस्सी., बी.एड. सगळं झालेलं, पण याचं उत्तर काही मला देता येईना. “भूक लागली असेल,” असं काहीतरी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची दोन वर्षं मी त्या घरात एकाही प्रश्नाला अंदाजाने उत्तर दिलं नाही.

बाई तीस वर्षं धान संशोधन केंद्रात मदतनीस होत्या. त्यांचं काम मोजण्याचं. एका रोपाला फुटवे किती, एका लोंबीत दाणे किती, त्यातले पोचट किती. निवृत्त झाल्या आणि मोजायला धान उरलं नाही, तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारच्या फळीवर वजनकाटा. बुद्धपौर्णिमेला गल्लीभर खीर वाटायच्या, तर प्रत्येक वाटीत चारोळ्या सारख्या. मला आधी हे खोटं वाटलं, म्हणून मी शेजारणीच्या वाटीतल्या मोजल्या. सात. माझ्यातही सात. कुत्रीचं नावसुद्धा धानाचंच होतं, लुचई. बाईंच्या माहेरी ते जुनं वाण पिकायचं.

त्यांची दोन वाक्यं गल्लीत सगळ्यांना पाठ होती. पहिलं, “एका टायमाले एकच बदल.” दुसरं, “तुलनेचा कुठी आहे?” शेतात नवं वाण लावताना शेजारी जुनं, ओळखीचं वाणही लावतात. म्हणजे पीक वाणामुळे चांगलं आलं की यंदा पाऊसच चांगला झाला, ते कळतं. हा तुलनेचा वाफा. बाईंना जगातल्या प्रत्येक गोष्टीशेजारी असा एक वाफा हवा असायचा. माझं पोट बिघडलं तेव्हा त्या जिना चढून आल्या आणि हुकूम सोडला, “आधी चहा बंद. तीन दिवस. बाकी सारं जसंच्या तसं.” तीन दिवस चहावाचून माझं डोकं फुटायची वेळ आली, पोट मात्र तसंच. मग शेंगदाणे बंद. मग घरून आणलेलं आंब्याचं लोणचं बंद, आणि गुन्हेगार सापडला! बरणी बाईंनी जप्त केली आणि महिनाभरात स्वतः संपवली. एका शेजारणीने भाचीच्या स्थळाचं कौतुक सुरू केलं, मुलगा फार चांगला, फार शांत. बाईंनी मनापासून विचारलं, “कोनापेक्षा?” शेजारीण आठवडाभर बोलली नाही. बाईंना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

या लुचईला ॲलर्जी होती. कान खाजवून रक्त काढायची, पंजे चावत बसायची. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, खाण्यातलं काहीतरी तिला सोसत नाही. बाईंनी वही काढली. एकेक जिन्नस थांबवायचा, काही आठवडे पाहायचं, मग पुन्हा सुरू करून पाहायचं. यात अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेला. कोंबडी आणि गहू सोसत नाही, असा निकाल लागला. भात चालतो, भोपळा चालतो, शेताजवळच्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, मासोळी काटे काढून, उकडून चालते. निकाल लागला त्या दिवशी बाईंनी मला बजावलं, “मॅडम, तुमच्या हातची पोळी लुचईले जहर आहे. तिले देजा नोका. मले देत जा.”

द्यायचा प्रश्नच नव्हता. मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती. लुचई बांधलेली असेल तेव्हाच मी अंगण ओलांडायचे आणि तेसुद्धा भिंतीला चिकटून. माझा तिचा संबंध गॅलरीतून.

आधीच चौदा सेकंदांत खाणारी लुचई, त्यात खाज थांबली आणि तिची भूक अशी उघडली की विचारू नका. ताटली ठेवायची खोटी, भात गायब. एका रविवारी दुपारी तिचं पोट ढोलासारखं टम्म फुगलं. ओकायला बघते, नुसता फेस येतो. बाई स्टॉपवॉच विसरून गल्लीत धावल्या. शेजारच्या किराणावाल्या भाऊंनी गिऱ्हाईक तसंच सोडून गाडी काढली, आणि डॉक्टरांनी पोटात नळी घालून वारा काढला म्हणून ती वाचली. “पोटाला पीळ बसला असता तर हातची गेली होती,” डॉक्टर म्हणाले. “हिला सावकाश खायला घाला. आत उंचवटे असलेलं भांडं मिळतं, स्लो फीडर म्हणतात. ते मागवा.”

मी फोनवरून मागवलं. आठव्या दिवशी पार्सल आलं. हिरव्या प्लास्टिकचं भांडं, आत नागमोडी भिंती. गल्ली जमली! बाईंनी भात घातला, लुचईने तोंड खुपसलं आणि चक्रावून मागे सरली. इकडून जीभ घालून बघते, तिकडून बघते. बाईंचा आवाज चढत चालला. “चाळीस सेकंद... पन्नास... मॅडम, एक मिनिट झाला! भाऊ, पाहा, एक मिनिट!” भाऊ दुकानातून ओरडले, “दोन होतीन, बाई, दोन!” तीन मिनिटं झाली. मी गॅलरीत टाळ्या वाजवत होते. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

पंधरा दिवसांत लुचईच्या हनुवटीवर लाल पुटकुळ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, काही कुत्र्यांना प्लास्टिक सोसत नाही, शिवाय त्याच्या ओरखड्यांत घाण बसते. दुसऱ्या कशाचं तरी भांडं बघा.

“बघा” म्हटल्यावर बाई नुसतं बघणार होय? त्यांनी चाचणी मांडली. भांडं क्रमांक एक, लुचईची जुनी सपाट स्टीलची ताटली. ही तुलनेची. तिच्यात भात घासाघासाने घालायचा, म्हणजे पोट फुगायला नको. क्रमांक दोन, मधोमध उंचवटा असलेलं स्टीलचं. तीन, सिलिकॉनचं, रबरासारखं मऊ. चार, चिनी मातीचं, आत रुंद वळणं असलेलं. आणि पाचवं शिवणीच्या लाकडाचं, ते जंगलाकडच्या गावाहून चारोळी विकायला येणाऱ्या बाईला सांगून ठेवलं होतं. तिचा नवरा लाकूड कोरायचा. प्रत्येक भांड्याला एक आठवडा. रोज वेळ लिहायची, पुटकुळ्या मोजायच्या, फोटो काढायचा.

फोटोत क्रमांक दिसलाच पाहिजे. मार्कर पेनाचे आकडे दोन धुण्यांत गेले. तेव्हा बाईंनी कोनाड्यातून काळे बिब्बे काढले. “माही माय धानाच्या पोत्यावर यानंच खूण करे. पानी लागो का चिखल लागो, जात नोती.” दाभणाने टोचून, जरा शेकून रस काढला, त्यात चुना मिसळला आणि प्रत्येक भांड्याच्या आतल्या काठावर, समोर, ठळक आकडा घातला. दर रविवारी सगळे आकडे पुन्हा गिरवायच्या. अक्षर इतकं सुंदर की मी माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवायला फोटो नेले.

पहिल्या आठवड्यात उंचवट्याचं स्टील. दीड मिनिट, आणि हनुवटी आणखी लाल. दुसऱ्या आठवड्यात सिलिकॉन. चार मिनिटं, पण ओठ सुजले. तिसऱ्या आठवड्यात चिनी माती. सहा मिनिटं! सगळी गल्ली खूश, आणि लुचईचं तोंड असं झालं की बघवेना. केस गेलेले, चिघळलेलं, ती भिंतीला तोंड घासत फिरायची. बाईंनी चौथ्या आठवड्यात जुनी ताटली लावली, जिच्यात ती लहानपणापासून खात आली होती. त्यातही तेच! बाई पायरीवर बसल्या. “मॅडम, तुलनेचा वाफाच बिघडला,” त्या म्हणाल्या. वही मांडीवर उघडी होती आणि पहिल्यांदाच त्या काही लिहीत नव्हत्या.

आता गल्ली बोलू लागली. ही ॲलर्जी नाही, खरूज आहे. डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, त्यात किडा दिसला नाही, पण एकदा दिसला नाही म्हणजे नाहीच असं सांगता येत नाही, हेही ते म्हणाले. प्रामाणिक माणूस. गल्लीने त्यातलं फक्त दुसरं वाक्य ऐकलं. किराणावाल्या भाऊंची चार वर्षांची नात दिवसभर लुचईच्या गळ्यात पडलेली असायची. एका संध्याकाळी भाऊ आणि आणखी चारपाच जण अंगणात आले.

“बाई, आमी तुमच्या कुत्र्याचे दुश्मन नाई,” भाऊ म्हणाले. “मीच तं नेलं होतं तिले गाडीत. पन लेकरं आहेत घरात.”

बाई म्हणाल्या, “माणसाले लागते हे कोणी पाह्यलं का? कोनाले झालं का?”

“झाल्यावर का करू मंग?”

बाईंनी वही उघडली. मग वहीत लिहिता लिहिता मोठ्याने वाचून दाखवलं. तिकडे बायकाही ‘मी करतो’, ‘मी जातो’ म्हणतात. “या घरातल्या नाई तं गल्लीतल्या कोन्या माणसाले खाज आली, तं दुसऱ्या दिवशी मी खुद्द लुचईले मोहर्लीले नेऊन देतो.” खाली सही केली.

मोहर्लीला त्यांचा भाचा सफारीची जिप्सी चालवायचा. त्याचं घर जंगलाला लागून, कुत्री अंगणात मोकळी. आदल्या वर्षी दोन कुत्री बिबट्याने नेली होती. ते राहू द्या, पण पर्यटकांच्या ताटातली उरलेली कोंबडी आणि पोळ्या हेच तिथलं कुत्र्यांचं जेवण. चौदा सेकंदांत. कोण मोजणार होतं? लुचई तिथे पंधरा दिवस काढणार नाही, हे मला कळत होतं आणि बाईंना माझ्याहून जास्त कळत होतं.

चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यापासून भांडी मी धुवत होते. तो बाईंचाच नियम. “नोंद घेनाऱ्यानं भांडं धुवाचं नाई. मन फसवते.” लुचई बांधली की मी अंगणातून भांडी उचलायची, मोरीवर घासायची, फळीवर पालथी घालायची. गल्लीची माणसं येऊन गेली त्यानंतर तीन दिवसांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांना खाज सुटली. दुसऱ्या दिवशी फोड आले.

मी काय करावं? मी हात लपवला. सरळ सांगते, लपवला. शाळेत डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं, मुलं हसली. घरी ओढणी गुंडाळून वावरले. मुक्या जनावराचा जीव माझ्या चार बोटांवर टांगलेला, आणि ज्याला हात लावायची माझी कधी हिंमत झाली नाही, त्याच्यासाठी माझा जीव तुटत होता. पण मोजणाऱ्या बाईपासून काय लपणार? तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मोरीवर माझं मनगट धरलं, ओढणी सोडली आणि पाहत राहिल्या. “फोड किती? नीट मोज, पोरी,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं नाही.

मी रडत मोजले. अकरा. त्यांनी लिहिले.

“बाई, मी कोणाला सांगणार नाही,” मी म्हटलं. “आपण दोघीच आहोत.”

“अवं, मग वही कायले ठेवली मी?” त्या म्हणाल्या. त्यांनी भाच्याला फोन लावला, उद्या सकाळी लुचईला घेऊन येतो म्हणून सांगितलं. मग आत जाऊन भोपळा चिरायला बसल्या, कुत्रीच्या शिदोरीसाठी. सुरीचा आवाज नेहमी एका लयीत यायचा, तो आज अडखळत येत होता.

तेवढ्यात दारात हाक आली, “जोहार, बाई!” चारोळीवाली. डोक्यावर टोपलं, त्यात शिवणीचं भांडं. घोटून गुळगुळीत केलेलं, आत मोराच्या तुऱ्यासारखे पाच खुंट. फार देखणं. घ्यायला म्हणून मी हात पुढे केला आणि तिने भांडं मागे घेतलं.

“हाताले का झालं वो?”

“कुत्रीची खरूज लागली,” मी म्हटलं.

तिने माझी बोटं उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि खो खो हसायला लागली. “खरूज कायची! बिब्बा उतला तुले. आमच्याकडे बिब्बे फोडनाऱ्या नव्या पोरीचे हात असेच होते. कुठी हात लावला बिब्ब्याले?”

मी म्हटलं, “मी कशाला बिब्ब्याला हात लावू?”

आतला सुरीचा आवाज थांबला. बाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग मोरीवरच्या फळीकडे. चार भांडी, चार काठ, चार ठळक काळे आकडे. सगळे त्यांनी कालच, रविवारी, पुन्हा गिरवले होते.

“मले तं कदी उतला नाई,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुमची चामडी म्हशीची असन, बाई,” चारोळीवाली म्हणाली. “सगळ्यायची नसते.”

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. साठी ओलांडलेली ती बाई, भोपळ्याची सुरी तशीच हातात, टुणकन उडी मारून अंगणात गेली! “माही चूक! मॅडम, माही चूक आहे!” गल्लीत धावल्या. भाऊंच्या दुकानासमोर उभं राहून, गिऱ्हाइकांदेखत, “भाऊ, चूक माही आहे! कुत्री चांगली आहे! मीच तिच्या तोंडाले बिब्बा चोळून राह्यली होतो, महिनाभर!” भाऊ सुरीकडे बघून दोन पावलं मागे सरले. चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मीही त्यांच्यामागे अकरा फोडांचा हात झेंड्यासारखा उंच धरून धावत होते. “मी कुत्रीला कधी हात लावलेला नाही,” मी सगळ्यांना सांगत सुटले, “फक्त भांड्यांना लावला!”

भाऊ पटकन मानणारे नव्हते. त्यांनी पंधरा दिवस मागितले, बाईंनी एकवीस दिले. भांडी नवीन आणली. क्रमांक भांड्यावर नाही, त्याच्या मागच्या भिंतीवर खडूने. पुन्हा सगळी चाचणी, या वेळी प्रत्येक भांड्याला चार दिवस. हनुवटी वाळली, खपली पडली, कोवळी लव आली. माझी बोटं तिच्याआधी बरी झाली. उंचवट्याचं स्टील दीड मिनिटाच्या वर जाईना. सिलिकॉन लुचईने चावून कडेने खाल्लं. शिवणीचं देखणं भांडं भाताच्या ओलीने काळं पडलं, वास धरू लागलं, ते बाईंनी जड मनाने किल्ल्या ठेवायला घेतलं. उरली चिनी माती. रुंद वळणं, त्यामुळे भात अडकत नाही आणि जीभ पोचते. वजनदार, त्यामुळे ढकलता येत नाही. एका धुण्यात लख्ख.

एकविसाव्या दिवशी सकाळी गल्ली जमली. भाऊ नातीला कडेवर घेऊन आले. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. पाच मिनिटं, सहा, साडेसहा. पोरं मोठ्याने आकडे म्हणत होती, लुचई शांतपणे एकेक वळण चाटत होती, आणि सात मिनिटं दहा सेकंदांनी तिने मान वर केली तेव्हा अंगणात असा गलका झाला की ती बिचारी बिचकून खाटेखाली शिरली. भाऊंची नात कडेवरून घसरून तिच्यामागे खाटेखाली गेली. भाऊंनी तिला अडवलं नाही.

बाईंनी वही उघडली. पहिल्या चाचणीच्या सगळ्या पानांवर त्यांनी एक तिरपी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, चाचणी रद्द. कारणाच्या रकान्यात एकच अक्षर लिहिलं, “मी.” भाऊ हसून म्हणाले, “जमलं न बाई सारं! आता काऊन रडून राह्यल्या?”

मी वाकून पाहिलं, तर खरंच त्यांच्या डोळ्यांतलं पाणी वहीवर पडत होतं. त्यांनी रेघ मारलेलं ते पान भाऊंपुढे धरलं. तारखा, मिनिटं, पुटकुळ्या, माझे अकरा फोड, खाली सही, सगळं सुवाच्य.

“हे पाहा न, भाऊ,” बाई म्हणाल्या. “मी तिले मोहर्लीले नेऊन सोडलं असतं न, तरी या वहीत मले कुठी चूक दिसली नसती.”